मधूनच सुरू झालेली गोष्ट

२५ मे १९७७, बुधवार. त्या दिवशी अमेरिकेत अवघ्या ३२ चित्रपटगृहांत 'स्टार वॉर्स' लागला. पहिल्या खेळाला बसलेल्या प्रेक्षकानं पडद्यावर काय वाचलं आणि काय वाचलं नाही, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. काळ्याभोर आकाशात पिवळी अक्षरं खालून वर सरकत गेली आणि लहान होत होत लांब विरून गेली. यादवी चालू आहे, बंडखोरांनी साम्राज्यावर पहिला विजय मिळवला आहे, एका राजकन्येकडे शत्रूच्या महाकाय अस्त्राचे नकाशे आहेत, एवढं त्या अक्षरांनी सांगितलं. 'भाग चौथा' हे शब्द मात्र त्यात नव्हते. 'ए न्यू होप' हे उपशीर्षकही नव्हतं. ते एप्रिल १९८१ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा जोडण्यात आलं.

ही बाब किरकोळ वाटेल, पण या सगळ्या गाथेची किल्ली तिच्यातच आहे. आजच्या मुलाला वाटतं, की जॉर्ज ल्युकसनं आधी नऊ भागांचा आराखडा केला असणार, आणि मग चौथ्यापासून चित्रीकरणाला हात घातला असणार. तसं झालेलं नाही. ही गोष्ट मधूनच सुरू झाली, आणि तिचा मागचा भूतकाळ पुढे जाता जाता लिहिला गेला. तो कसा लिहिला गेला, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

सरकत्या अक्षरांपासूनच सुरुवात करू. ल्युकस कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावचा. लहानपणी तो दूरचित्रवाणीवर १९३०च्या दशकातल्या 'फ्लॅश गॉर्डन'च्या जुन्या मालिका बघायचा. या मालिका मुळात चित्रपटगृहांत दर आठवड्याला एक भाग अशा दाखवल्या जात, आणि मागच्या आठवड्यात काय घडलं ते नव्या भागाच्या आरंभी अक्षरांतून सांगितलं जाई. मोठेपणी ल्युकसनं 'फ्लॅश गॉर्डन'चेच हक्क मिळवायचा प्रयत्न केला. ते मिळाले नाहीत, तेव्हा त्यानं स्वतःची गोष्ट रचायला घेतली. अक्षरांची युक्ती मात्र त्यानं जशीच्या तशी उचलली. मागचे भागच नसलेल्या कथेला त्यानं 'मागील भागात' जोडलं. प्रेक्षक खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्याला वाटतं, आपण उशिरा आलो, बरंच काही घडून गेलेलं दिसतंय.

आपल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' अशा सुरू होतात. नगर कुठलं, काळ कुठला, हे कोणी विचारत नाही, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथल्या तिथे बसतो. ल्युकसनं तसाच एक 'फार पूर्वी, फार दूर' असा दिलासा आधी दिला आणि पाठोपाठ युद्धाच्या ताज्या बातम्या दिल्या. परीकथा आणि वर्तमानपत्र एका दमात. हा मजकूर सुरुवातीला फार लांबलचक आणि गुंतागुंतीचा होता. १९७७च्या आरंभी ल्युकसनं मित्रांना कच्चा चित्रपट दाखवला, तेव्हा ब्रायन डी पाल्मा त्या मजकुरावर तुटून पडला; आणि मग जे कॉक्स या पत्रकाराला सोबत घेऊन त्यानंच तो काटून-छाटून आटोपशीर केला. चित्रीकरणही हातचंच होतं. अक्षरं साधारण दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब पाटीवर छापून जमिनीवर ठेवली आणि कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश पुढे नेला. अथांग अवकाशात विरत जाणारी ती अक्षरं एका मोठ्या सतरंजीएवढ्या जागेत मावत होती.

या कथेचं लिखाण हा स्वतंत्र विषय आहे, आणि मला तो चित्रपटाइतकाच मोलाचा वाटतो. ल्युकस रेघांच्या कागदावर पेन्सिलीनं लिहायचा. लिहिणं त्याला जड जाई. शब्द सुचेनात की तो कात्री घेऊन स्वतःचेच केस कापायचा, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. जानेवारी १९७३ मध्ये त्यानं दोनच पानांचा एक तुकडा लिहिला, 'जर्नल ऑफ द व्हिल्स' नावाचा. त्याच वर्षी मे महिन्यात तेरा-चौदा पानांचा कथासारांश झाला. त्यावर अकिरा कुरोसावाच्या 'द हिडन फोर्ट्रेस' या १९५८च्या जपानी चित्रपटाची छाया इतकी गडद होती, की काही प्रसंग ओळीनं जुळतात. राजकन्येला शत्रूच्या मुलखातून सुखरूप नेणारा सेनापती आणि त्यांच्या मागे फरपटत, कुरकुरत, भांडत जाणारे दोन फाटके शेतकरी. त्या दोन शेतकऱ्यांचेच पुढे सी-थ्री-पीओ आणि आर-टू डी-टू हे दोन यंत्रमानव झाले. युद्धाची गोष्ट त्यातल्या सर्वांत हलक्या माणसांच्या नजरेतून सांगायची, ही कुरोसावाची देणगी.

युनिव्हर्सल आणि युनायटेड आर्टिस्ट्स या दोन्ही कंपन्यांनी नकार दिला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या अ‍ॅलन लॅड ज्युनियरनं होकार दिला, तो कथा कळली म्हणून कमी आणि माणसावर विश्वास होता म्हणून जास्त. मग मे १९७४ मध्ये पहिला पूर्ण मसुदा आला, जानेवारी १९७५ मध्ये दुसरा, ऑगस्टमध्ये तिसरा आणि १९७६च्या सुरुवातीला चौथा. या मसुद्यांत माणसं सारखी वेषांतर करतात. चित्रपटाचा तरुण नायक ल्यूक स्कायवॉकर एका मसुद्यात म्हातारा सेनापती आहे. त्याचा साथीदार हान सोलो हिरव्या कातडीचा राक्षस आहे. काही काळ तर नायकाच्या जागी मुलगी होती. नायकाचं आडनाव शेवटच्या मसुद्यापर्यंत स्टारकिलर राहिलं. ते बदलून स्कायवॉकर झालं तेव्हा चित्रीकरण सुरूही झालं होतं.

आणि तरी टाकलेलं काहीच वाया गेलं नाही. जुन्या घरातली बाई पुरणाच्या डाळीचा कटसुद्धा ओतून देत नाही, त्याची आमटी करते. ल्युकसची वृत्ती तशीच होती. १९७३च्या त्या दोन पानांत मेस विंडी नावाचा एक योद्धा आहे. तो मेस विंडू होऊन पडद्यावर अवतरला १९९९ साली. जुन्या मसुद्यांत वाळवंटी ग्रहाचं नाव उटापाऊ होतं. ट्युनिशियात चित्रीकरण ठरल्यावर तिथल्या तताविन गावावरून ग्रहाचं नाव टॅटूइन झालं, आणि उटापाऊ हे नाव बाजूला राहिलं, ते २००५च्या चित्रपटात वेगळ्याच ग्रहाला मिळालं.

पण आधी आराखडा नव्हता, तर १९७७चा चित्रपट पाहताना मागे मोठा इतिहास उभा असल्याचं का वाटतं? कारण पात्रं त्या इतिहासाबद्दल फारसं बोलत नाहीत. म्हातारा गुरू ओबी-वॉन केनोबी याच्याशी बोलताना ल्यूक 'क्लोन वॉर्स'चा सहज उल्लेख करतो. ते युद्ध कोणाचं, कशासाठी, कोणी काही सांगत नाही. आपल्या घरातली वडीलधारी माणसं 'प्लेगच्या साली' म्हणायची आणि पुढच्या विषयाकडे वळायची, अगदी तसं. क्लोन म्हणजे नेमकं कोण, हे प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलं ते २००२ मध्ये. पंचवीस वर्षं दोन शब्दांनी लोकांच्या मनात एक अख्खं युद्ध चालू ठेवलं.

दुसरं कारण डोळ्यांना दिसतं. त्या काळातल्या बऱ्याच अवकाशपटांत यानं पांढरीशुभ्र असत. ल्युकसनं यंत्रांना ओघळ, पोचे आणि काजळी लावायला सांगितली. ल्यूकच्या काकांनी यंत्रमानव विकत घेतले ते फेरीवाल्यांकडून, आणि त्यातला एक तिथेच धूर सोडून बंद पडला. काकांचं घर म्हणजे ट्युनिशियातल्या मतमाता गावचं जमिनीत खोदलेलं जुनं घर. ते खरोखरच तिथे आहे, चित्रपटाच्या आधीपासून. जग वापरलेलं दिसलं, की त्याला भूतकाळ असणार असं आपण न सांगता धरून चालतो.

चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यातली एक गोष्ट मला फार आवडते. डोक्यावरून एक लहान यान निसटतं आणि पाठोपाठ साम्राज्याचं अजस्र जहाज पडदा भरून सरकत राहतं, संपता संपत नाही. प्रत्यक्षात त्या अजस्र जहाजाची प्रतिकृती तीन फुटांची होती, आणि पळणाऱ्या छोट्या यानाची सहा फुटांची. मोठेपण लाकडा-प्लॅस्टिकात नव्हतंच, ते कॅमेऱ्याच्या चालीत होतं. जॉन डायकस्ट्रा आणि त्याच्या जोडीदारांनी लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाईजच्या एका गोदामात असा कॅमेरा बांधला, की जो आपली हालचाल लक्षात ठेवी आणि तीच हालचाल पुन्हा तंतोतंत करी. प्रतिकृती जागची हलत नसे, कॅमेराच तिच्याभोवती फिरे. एका फेरीत यान टिपायचं, दुसऱ्या फेरीत त्याच्या इंजिनांचा उजेड, आणि मग हे थर एकावर एक चढवायचे. यानांच्या पृष्ठभागावरची बारीक यंत्रं म्हणजे दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक खेळण्यांचे सुटे भाग होते.

आवाजाचंही तेच. निर्वात पोकळीत आवाज पोचत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. हा चित्रपट तो नियम उघडपणे मोडतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण मोडताना त्यानं पृथ्वीवरचेच आवाज नेले आहेत. बेन बर्ट हा तरुण ध्वनिकार ध्वनिमुद्रक घेऊन महिनोन्महिने हिंडला. शत्रूच्या लढाऊ यानांची किंकाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीची सळसळ. बंदुकीचा आवाज मिळाला तो उंच मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारेवर हातोडी मारून. प्रकाशाच्या तलवारीसाठी त्यानं जुन्या चित्रपट-प्रक्षेपकाच्या मोटरची घूंऽऽ धरली आणि तिच्यात दूरचित्रवाणी संचाच्या नळीजवळ माइक नेल्यावर येणारी गुणगुण मिसळली. पण तलवार फिरते तेव्हा आवाजही फिरायला हवा. मग ती घूं ध्वनिवर्धकावर लावली आणि हातातला माइक त्याच्यासमोर तलवारीसारखा सपकन फिरवला. जवळ येणारा आवाज चढा आणि लांब जाणारा उतरता, आगगाडीच्या शिटीसारखा. दोघं योद्धे पडद्यावर जे करतात, तेच बर्टनं आधी खोलीत करून पाहिलं होतं.

संकलनाच्या टेबलावर या कथेचं आणखी एक पुनर्लेखन झालं. ओबी-वॉननं मध्यावर मरावं ही सूचना ल्युकसची पत्नी आणि संकलक मार्शा ल्युकसची होती, ती मात्र चित्रीकरण चालू असतानाच आली होती. शेवटच्या हल्ल्याचं दृश्य तिनं आठवडेच्या आठवडे जुळवलं. लढाईचा वेग कळावा म्हणून यानांच्या जागी आधी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानयुद्धांचे तुकडे जोडून ठेवले होते. पटकथेत शत्रूचं ते महाकाय अस्त्र बंडखोरांच्या तळावर नेम धरून वेळ मोजत आहे, हा धाकच नव्हता. तो संकलनात आला, मागून भरलेल्या संवादांतून आणि इकडचे तिकडचे तुकडे जोडून. आज त्या धाकाशिवाय तो शेवट कल्पनेतही येत नाही. मार्शा ल्युकस, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू या तिघांना त्या कामाबद्दल ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य झालं.

आता पुस्तकाकडे. चित्रपट लागण्याच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, 'स्टार वॉर्स' कादंबरीच्या रूपात बाजारात आली होती. मुखपृष्ठावर नाव ल्युकसचं होतं, लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टरनं. तिच्या प्रास्ताविकात सम्राटाचं नाव पॅल्पटीन असं छापलेलं आहे. पडद्यावर त्या सम्राटाला तेव्हा ना चेहरा होता ना नाव. म्हणजे वाचकाला जे १९७६ मध्ये ठाऊक झालं, ते प्रेक्षकापर्यंत पोचायला फार वर्षं जायची होती. फॉस्टरनं लगेच १९७८ मध्ये दुसरी कादंबरी लिहिली, 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय'. पहिला चित्रपट बेताचाच चालला तर स्वस्तात दुसरा काढता यावा, हा तिच्यामागचा हेतू होता. पहिला चित्रपट असा काही चालला, की ती वेळच आली नाही.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं.

दुसऱ्या चित्रपटाची पटकथा ल्युकसनं लेह ब्रॅकेटकडे सोपवली. अवकाशकथा लिहिण्यात तिची हयात गेलेली, शिवाय 'द बिग स्लीप' या १९४६च्या चित्रपटाच्या लेखकांत विल्यम फॉकनरच्या बरोबरीनं तिचं नाव. फेब्रुवारी १९७८ मध्ये तिनं मसुदा दिला आणि १८ मार्चला कर्करोगानं ती गेली. त्या मसुद्यात ल्यूकच्या वडिलांचा आत्मा येऊन मुलाशी बोलतो. खलनायक डार्थ व्हेडर हा त्यात वेगळाच इसम आहे. पहिल्या चित्रपटात ओबी-वॉननं सांगितलं होतं, की व्हेडरनं तुझ्या बापाला मारलं. ते वाक्य तोवर सरळ, खरं वाक्य होतं.

ब्रॅकेटच्या मृत्यूनंतर ल्युकसनं पुढचा मसुदा स्वतः लिहायला घेतला, आणि त्यात व्हेडर ल्यूकला म्हणतो, मीच तुझा बाप. जुन्या चित्रपटातली एकही चौकट न बदलता तो अख्खा चित्रपट बदलून गेला. म्हातारा गुरू खोटं बोलला होता. ल्यूकच्या काकाला पोराची एवढी धास्ती का वाटत होती, तेही आता समजलं. व्हेडरचा मुखवटा पाहा. तो मुळात चित्रकार राल्फ मॅकक्वारीला सुचला एका व्यावहारिक अडचणीतून: पटकथेत हा माणूस एका यानातून दुसऱ्यात पोकळीतून जातो, मग श्वास कसा घेईल? म्हणून मुखवटा. बर्टनं त्याला पाणबुड्यांच्या श्वासयंत्राचा आवाज दिला. आता त्याच मुखवट्याआड जळालेला, ओळखू न येणारा बाप बसला.

हे गुपित जपण्यासाठी खोटं पान छापलं. लंडनजवळच्या एल्स्ट्रीत चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या पोशाखातला डेव्हिड प्राउझ म्हणाला, की ओबी-वॉननं तुझ्या बापाला मारलं. दिग्दर्शक अर्विन कर्शनरनं ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला खरं वाक्य त्या प्रसंगाच्या तोंडावर सांगितलं. समोरून एक वाक्य ऐकायचं आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच वाक्याची वेदना आणायची, असं ते काम होतं. आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सनं ती ओळ वाचली तेव्हा त्याला वाटलं, व्हेडर खोटं बोलतोय.

मे १९८० मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लागला, तेव्हा त्याच्या अक्षरांत 'भाग पाचवा' असं होतं. लोक बुचकळ्यात पडले. पुढल्या वर्षी पहिल्यालाही 'भाग चौथा' चिकटलं, आणि अक्षरांनी आता कबूल केलं, की मागे तीन भाग आहेत. ते लिहिले मात्र गेले नव्हते. पुढची डागडुजीही मग करावी लागली. १९८३च्या चित्रपटात ओबी-वॉनचा आत्मा ल्यूकला समजावतो, की मी बोललो ते एका दृष्टीनं खरंच होतं. मला ती सारवासारव आवडत नाही. गुरूनं सरळ चूक कबूल केली असती तर तो अधिक मोठा झाला असता. त्याच चित्रपटात राजकन्या लिया ही ल्यूकची बहीण ठरते, आणि आधीच्या चित्रपटातलं त्यांचं चुंबन कायमचं अवघड होऊन बसतं. डागडुजीचं आणखी एक उदाहरण: पहिल्या चित्रपटात हान सोलो आपल्या यानाच्या वेगाची बढाई मारताना 'पार्सेक' हे एकक वेळेसारखं वापरतो. पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, म्हणजे अंतर. छापील पटकथेत तिथेच सूचना आहे, की ओबी-वॉनला ही थाप कळते. पण चाहत्यांना आपला हान थापाड्या चालेना. अखेर २०१८च्या चित्रपटात त्यानं धोक्याची जवळची वाट धरून अंतरच कमी केलं, असं दाखवून ती थाप खरी करण्यात आली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. महाभारत व्यासांनी रचलं, वैशंपायनांनी जनमेजयाला सांगितलं, सौतीनं नैमिषारण्यात पुन्हा सांगितलं, आणि दर सांगण्याला कथेला फांद्या फुटल्या. त्यातलाच कर्ण इथे आठवतो. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे ऐकणाऱ्याला आरंभापासून माहीत असतं. अर्जुनाला माहीत नसतं. म्हणून रंगभूमीवर ते दोघं समोरासमोर आले, की आपलाच जीव गोळा होतो. १९८० सालच्या प्रेक्षकाला असं काही ठाऊक नव्हतं. त्याला धक्का ल्यूकबरोबर, त्याच क्षणी बसला. मग १९९९, २००२ आणि २००५ साली मागचे तीन भाग आले, त्यांत हा बाप लहानाचा मोठा झाला, बिघडला, जळाला. आज जे मूल आकड्यांच्या क्रमानं हे चित्रपट बघतं, त्याला पाचव्या भागात धक्का बसत नाही. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, आणि ते ल्यूकला सांगता येत नाही म्हणून ते खुर्चीत अस्वस्थ होतं. तीच फीत, तेच वाक्य. एका पिढीला रहस्य मिळालं आणि दुसरीला कर्ण. कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही. मुलांना दाखवताना मी मात्र प्रदर्शनाचा क्रम धरतो.

मागे जाऊन बदलण्याची ही सवय पुढे चित्रफितीपर्यंत पोचली, आणि तिथे मला खरोखर दुःख होतं. १९९७ मध्ये ल्युकसनं जुन्या चित्रपटांत संगणकावर नवी दृश्यं घातली, काही प्रसंग फिरवले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९८९ मध्ये जतन करण्यासाठी निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत हा होता. आणि तरी पुढे सर्वसामान्य माणसाला घरी बसून पाहायला मिळत राहिली ती बदललेली प्रत. ऑक्टोबर २०१२ मध्ये ल्युकसनं आपली कंपनी डिस्नेला विकली. एप्रिल २०१४ मध्ये तोवरच्या शेकडो कादंबऱ्या आणि चित्रकथा, टिमथी झानच्या १९९१च्या गाजलेल्या 'एअर टू द एम्पायर'सह, 'दंतकथा' म्हणून वेगळ्या काढण्यात आल्या. वीस-वीस वर्षं त्या वाचत आलेल्या वाचकांना एका सकाळी कळलं, की आपण वाचलेलं घडलंच नव्हतं.

जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ची मूळ फीत प्रक्षेपकावर चढवली गेली. इतकी वर्षं जपून ठेवलेली, त्या वेळी ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांसाठी काढलेली प्रत. दिवे गेले, तुतारी वाजली, आणि पिवळी अक्षरं वर सरकू लागली. त्यांच्या माथ्यावर कुठलाही आकडा नव्हता.